‘नैसर्गिक’ तर गाजर गवतही आहे!

तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मी आईसाठी पुण्याहून सातशे रुपयांची क्रीमची बाटली नेली. बाटलीवर एक पांढरं फूल होतं, आणि ‘सौम्य’, ‘नैसर्गिक’, ‘संवेदनशील त्वचेसाठी’, ‘केमिकल-फ्री’ असं सगळं एकाखाली एक लिहिलेलं होतं. आईची मान, पापण्या, कोपरांच्या आतल्या घड्या तेव्हा सहा-सात वर्षांपासून लाल आणि जाड झाल्या होत्या. मानेची कातडी तर चामड्यासारखी. ती रात्री झोपेत खाजवायची आणि सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे ठिपके असायचे. म्हटलं, मेडिकलमधल्या दहा ट्यूबा झाल्या, आता जरा चांगलं काहीतरी लावू दे.

भाऊबिजेच्या दिवशी सकाळी तिचे डोळे उघडेनात. पापण्या सुजून बंद. “आगं, सारखी आग व्हतीया,” एवढंच म्हणाली. माझ्यावर रागावली नाही, याचंच मला जास्त लागलं.

त्या बाटलीवरचं पांढरं फूल कॅमोमाइलचं होतं, आणि आईला होती गाजर गवताची अ‍ॅलर्जी. गाजर गवत आणि कॅमोमाइल एकाच कुळातले, सूर्यफुलाच्या. शेवंती, झेंडू, करडई हीदेखील त्याच कुळातली. या कुळातल्या पुष्कळ वनस्पतींमध्ये सेस्क्विटर्पीन लॅक्टोन नावाची रसायनं असतात. गाजर गवतातल्या त्या रसायनाचं नाव पार्थेनिन. ज्याच्या शरीरानं पार्थेनिनला शत्रू ठरवलं, त्याला त्याच्या भावकीतलं दुसरं रसायनही चालेलच असं नाही. म्हणजे जगातली सगळ्यात ‘सौम्य’ म्हणून खपणारी वनस्पती मी आईच्या पापण्यांना स्वतःच्या हातानं चोळली होती. पैसे देऊन.

हा लेख त्या बाटलीवर नाही. त्या एका शब्दावर आहे, जो आपण सगळे डोळे झाकून गिळतो: नैसर्गिक.

भवानीनगर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बारामतीहून इंदापूरकडे निघालात की काटेवाडीनंतर आणि सणसरच्या अलीकडे हे गाव लागतं. श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना इथला. तुकोबांची पालखी याच वाटेनं जाते. आसपासची सगळी शेती नीरा डाव्या कालव्यावरची. आमच्याकडे त्याला कुणी कालवा म्हणत नाही, ‘कॅनॉल’ म्हणतात. पाणी आलं तसा ऊस आला, आणि उसाबरोबर बांध, चाऱ्या, रस्त्याच्या कडा, कारखान्याच्या मोकळ्या जागा अशा सगळीकडे काँग्रेस गवतही आलं. पांढऱ्या बारक्या फुलांचं, गाजराच्या पाल्यासारख्या पानांचं. काही भागांत त्याला चटक चांदणी म्हणतात. इतकं गोड नाव त्याला कुणी दिलं असेल त्यानं ते कधी उपटलेलं नसणार.

या गवताचा आणि पुणे जिल्ह्याचा संबंध जुना आहे. १९५१ साली प्रा. परांजपे यांनी ते पुण्यात उकिरड्याच्या जागी उगवलेलं पाहिलं आणि १९५६ साली आर. एस. राव यांनी त्याची रीतसर नोंद प्रसिद्ध केली. अमेरिकेच्या ‘पीएल ४८०’च्या गव्हाबरोबर ते आलं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. तो कायदा मात्र १९५४चा आहे, त्यामुळे निदान पहिल्या रोपाचं खापर त्या गव्हावर फोडता येत नाही. पुढे आलेल्या गव्हानं त्याच्या प्रसाराला हातभार लावला असेल, तो भाग वेगळा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पुण्याच्याच डॉ. लोणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गवतामुळे होणाऱ्या त्वचारोगाबद्दल लिहिलं आणि ते जगभरच्या त्वचारोगतज्ज्ञांनी वाचलं. म्हणजे या आजाराची ओळख जगाला आपल्या जिल्ह्यानं करून दिली. आणि पन्नास वर्षांनंतर त्याच जिल्ह्यातल्या माझ्या आईला सहा-सात वर्षं कुणी सांगितलं नाही की तुला हे गवत बाधतंय.

काय सांगितलं मग? उष्णता झालीय. पित्त आहे. वांगं खाऊ नका. रक्त खराब आहे. पाणी बदललं. देवाचं काही राहिलंय का बघा. आणि सगळ्यात जास्त वेळा: काहीतरी नैसर्गिक लावा.

म्हणून तिनं हळद लावली. चंदन उगाळून लावलं. कडुनिंबाचा पाला वाटून लावला. कुणीतरी लिंबाचा रस सांगितला, तोही लावून ती उन्हात खुरपायला गेली. लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आलं की कातडी भाजल्यासारखी होते आणि नंतर काळे डाग पडतात, हे कुठल्याही त्वचेच्या डॉक्टरला विचारा. हळदीची अ‍ॅलर्जी होते. चंदनाच्या तेलाची होते. कुंकवाची तर आपल्याकडे इतकी सामान्य आहे की कपाळावर काळा डाग असलेली एखादी मावशी प्रत्येक घरात असते. टिकलीच्या गोंदात असणाऱ्या एका फिनॉलमुळे कपाळावर पांढरा डाग पडतो, हेही डॉक्टरांनी कितीतरी वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे.

यावर हमखास येणारा प्रश्न: आमच्या आजीनं आयुष्यभर हळद लावली, तिला काही झालं नाही, त्याचं काय?

काही नाही. तिला झालं नाही, एवढंच. संपर्कानं होणारी अ‍ॅलर्जी पहिल्या दिवशी होत नाही, ही यातली मेख आहे. शरीर आधी ती गोष्ट ओळखायला शिकतं आणि मग तिच्यावर उठतं. त्या शिकण्याला काहींना आठवडे लागतात, काहींना दशकं, आणि पुष्कळजण ते कधीच शिकत नाहीत. आईनं वयाच्या अठराव्या वर्षी या घरात आल्यापासून पन्नाशीपर्यंत रोज गाजर गवत हातानं उपटलं. तिला काही होत नव्हतं. एका पावसाळ्यात व्हायला लागलं आणि मग थांबलंच नाही. ‘इतकी वर्षं चाललं’ हा अ‍ॅलर्जीच्या बाबतीत पुरावा नसतो. उलट, इतकी वर्षं चाललं म्हणूनच तर झालं.

आता दुसऱ्या शब्दाकडे येते: ‘हायपोअ‍ॅलर्जेनिक’. भारी शब्द आहे, ऐकल्यावर वाटतं कुठेतरी प्रयोगशाळेत पांढरा कोट घातलेल्या माणसानं शिक्का मारला असणार. असा शिक्का नसतो. अमेरिकेच्या एफडीएनं १९७५ साली नियम केला होता की हा शब्द लावायचा असेल तर माणसांवर चाचण्या करून दाखवा की तुमच्या मालानं इतरांपेक्षा कमी त्रास होतो. सौंदर्यप्रसाधनांच्या दोन कंपन्या कोर्टात गेल्या आणि १९७७ साली अपील कोर्टानं तो नियम रद्द केला. तेव्हापासून तिथे या शब्दाचा अर्थ कंपनी म्हणेल तो. आपल्याकडेही वेगळं नाही. ‘डर्मॅटॉलॉजिकली टेस्टेड’चीही तीच गत. टेस्ट केलं, ठीक. किती जणांवर? कुणाच्या कातडीवर? निकाल काय आला? बाटलीवर यातलं काही नसतं. ‘अनसेंटेड’ म्हणजे वास नाही असं तुम्ही समजत असाल, तर त्यात मूळ वास झाकण्यासाठी टाकलेला सुगंध असू शकतो. शोधायचं ते ‘फ्रॅग्रन्स-फ्री’.

सुगंधाचं प्रकरण तर सरळसरळ डोळ्यांत धूळफेक आहे. यादीत ‘पर्फ्यूम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ असा एक शब्द लिहिला की त्यामागे पन्नास रसायनं लपवता येतात. युरोपात त्यातल्या २६ नावाजलेल्या अ‍ॅलर्जीकारक घटकांची नावं वेगळी लिहावी लागायची, आणि २०२३ साली ती यादी ऐंशीच्या वर नेली. आपल्याकडे तो एकच शब्द पुरतो. आणि तो लिहिलेला असतो इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. माझी आई सातवी शिकलेली आहे, रोजचं वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. पण तिच्या कातडीवर काय लागणार आहे हे तिला वाचता येत नाही. पुढच्या बाजूला ‘सौम्य’ मात्र ठळक मराठीत असतं. जाहिरात मराठीत आणि माहिती इंग्रजीत, हा योगायोग नव्हे.

आणि ‘पॅराबेन-फ्री’? यावर मला खरंच हसावं की रडावं कळत नाही. पॅराबेन म्हणजे क्रीम नासू नये म्हणून घालतात ती द्रव्यं. त्यांच्या नावानं इतका बोभाटा झाला की कंपन्यांनी ती काढून दुसरी घातली, त्यात मेथिलआयसोथायाझोलिनोन नावाचं एक होतं. युरोपात त्यानं अ‍ॅलर्जीची अक्षरशः साथ आणली. अमेरिकेतल्या संपर्क-त्वचारोगतज्ज्ञांची संस्था दर वर्षी एका पदार्थाला ‘वर्षाचा अ‍ॅलर्जीकारक’ ठरवते. २०१३चा मान या द्रव्याला मिळाला. पुढे युरोपनं लावून ठेवायच्या क्रीममधून त्याच्यावर बंदी आणली. आणि २०१९ साली त्याच संस्थेनं कुणाची निवड केली? पॅराबेनची. ‘वर्षाचा बिगर-अ‍ॅलर्जीकारक’ म्हणून! इतकी वर्षं बदनाम केलेलं द्रव्यच त्वचेच्या अ‍ॅलर्जीपुरतं सगळ्यात निरुपद्रवींपैकी एक निघालं. तरी दुकानात जाऊन बघा, ‘पॅराबेन-फ्री’ अजून मिरवतंय.

‘केमिकल-फ्री’बद्दल काही लिहीत नाही. पाणीही केमिकलच आहे.

मला माहीत आहे, एवढं वाचल्यावर काहीजण म्हणतील की बाई औषध कंपन्यांची वकिली करतेय. थांबा. ज्या ट्यूबांनी आईचं सगळ्यात जास्त नुकसान केलं, त्या नैसर्गिक नव्हत्या. एका मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळालेल्या होत्या. खाज सुटतेय म्हटलं की काउंटरवरचा मुलगा न विचारता एक ट्यूब पुढे करायचा. पहिल्या दिवशी जादू. तिसऱ्या दिवशी कातडी नितळ. पंधरा दिवसांनी बंद केली की दुप्पट भडका, म्हणून पुन्हा ट्यूब. त्यात क्लोबेटासोल होतं, म्हणजे लावायच्या स्टिरॉइडांमधलं सगळ्यात जहाल. सोबत एक जंतुनाशक आणि एक बुरशीनाशक, असा सगळा मसाला एकाच ट्यूबमध्ये. पापण्यांवर ते वर्षानुवर्षं लावलं तर कातडी कागदासारखी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, डोळ्यांत काचबिंदूचा धोका असतो. आपल्या देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं यावर बरीच ओरड केली, आणि २०१८ साली सरकारनं अशी १४ स्टिरॉइडं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असा बदल केला. कागदावर. प्रत्यक्षात कुठल्याही तालुक्याच्या गावी जाऊन ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हणून बघा.

म्हणजे बाईच्या कातडीला एका बाजूनं ‘नैसर्गिक’वाले ओढतात आणि दुसऱ्या बाजूनं ट्यूबवाले, आणि मध्ये जे साधं, स्वस्त, कंटाळवाणं उत्तर आहे ते विकण्यात कुणालाच रस नाही.

ते उत्तर आम्हाला मिळालं पुण्यात. त्वचेच्या डॉक्टर बाईंनी आईची मान बघितली, मग कानांच्या मागे बघितलं, हनुवटीच्या खाली बघितलं. नुसतं उन्हाचं असतं तर या सावलीच्या जागा सुटल्या असत्या, म्हणाल्या. हे हवेतून येतंय. “शेतात काँग्रेस आहे का?” असं विचारणारी ती पहिली व्यक्ती. मग पॅच टेस्ट. पाठीवर संशयितांच्या चकत्या चिकटवतात, दोन दिवस तशाच ठेवायच्या, अंघोळ नाही, घाम येऊ द्यायचा नाही, मग काढून बघायचं आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा बघायचं. भारतीय रुग्णांसाठी जो ठरलेला संच आहे त्यात गाजर गवत असतंच. आईची ती चकती उचलली तर खाली फोडांचं बेट. शेजारी सुगंधाच्या मिश्रणाचीही खूण उमटलेली.

आता हिशेब करा. चार-पाच दिवसांत तीन फेऱ्या, राहण्याची सोय, आणि घाम न येऊ देण्याची चैन. खुरपायला जाणारी, उसाला पाणी धरणारी कुठली बाई हे करेल? बारामतीला २०१९पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, म्हणजे आता पुण्याला जायचीच गरज आहे असं नाही. पण तिथवर जायचं तर आधी कुणीतरी म्हणायला हवं की हा आजार आहे. या रोगाच्या दवाखान्यांतल्या अभ्यासांमध्ये पुरुषांची संख्या कायम जास्त दिसते. पुरुष जास्त वेळ बाहेर असतात, असं त्याचं कारण देतात. आमच्या शिवारात सकाळी नऊ वाजता येऊन मोजा, बांधावर वाकलेल्या पाठी कुणाच्या आहेत. मला शंका आहे की त्या आकड्यांमध्ये गवतापेक्षा एसटीचं तिकीट जास्त बोलतं.

शहरात ‘संवेदनशील त्वचा’ म्हटलं की एक गोरी, नाजूक, एसीत बसलेली मुलगी डोळ्यांपुढे येते. सगळ्या जाहिराती तिच्यासाठी असतात. महाराष्ट्रातली खरी संवेदनशील त्वचा उसाच्या सरीत आहे. उसाच्या पानांची कूस, पाचटाचे ओरखडे, खताची पोती, भांड्यांचा साबण आणि वर गाजर गवताची धूळ. तिला कुणी संवेदनशील म्हणत नाही. तिला म्हणतात, “हिची कातडीच खराब.”

बाईंनी आईला अ‍ॅझाथायोप्रीनच्या गोळ्या सुरू केल्या. दिल्लीच्या एम्समध्ये या गवताच्या आजारावर या औषधाचं बरंच काम झालेलं आहे. रक्ततपासणी करत राहावी लागते. हे मुद्दाम सांगते, कारण नुसत्या मॉइश्चरायझरनं हा आजार जात नाही, आणि तसं सांगणाराही थापाच मारत असतो. पण लावायला काय दिलं? पांढरी पेट्रोलियम जेली. साधी, बिनवासाची, जिला आपल्याकडे सरसकट व्हॅसलीन म्हणतात. मी तोंडावर नाराजी दाखवली असणार, कारण बाई म्हणाल्या, “सातशेची बाटली लावून झाली ना? आता ही लावा.”

ही जेली रॉबर्ट चीझब्रो नावाच्या माणसानं १८७२ साली पेटंट केली. दीडशे वर्षं झाली. तिच्यात पाणी नाही, म्हणून ती नासत नाही, म्हणून तिच्यात टिकवायची द्रव्यं घालावी लागत नाहीत. सुगंध नाही, फूल नाही, पान नाही. तिची अ‍ॅलर्जी इतकी दुर्मीळ आहे की पॅच टेस्टमध्ये संशयित पदार्थ बहुतेक वेळा तिच्यातच कालवून लावतात. ती काही ‘पोषण’ करत नाही, कातडीतलं पाणी उडून जाऊ देत नाही, बस. अंघोळीनंतर अंग ओलसर असताना दोन-तीन मिनिटांत पातळ थर लावायचा. (डबा नीट बघून घ्या, त्याच नावाखाली वासाची लोशनंही मिळतात.) उन्हाळ्यात चिकचिक होते, हे खरं. घामानं पुटकुळ्या येतात, हेही खरं. तेव्हा दिवसा बिनवासाचं ग्लिसरीनचं साधं क्रीम आणि रात्री जेली, असं आम्ही जमवलं. फुटलेल्या कातडीवर युरियाचं किंवा लॅक्टिक आम्लाचं क्रीम लावू नका, झोंबतं. खोबरेल तेल पुष्कळांना मानवतं आणि त्याच्या बाजूनं अभ्यासही आहेत. मोहरीचं आणि ऑलिव्हचं तेल मात्र कातडीचा बांध कमकुवत करतं असं दिसून आलं आहे, बाळाच्या मालिशसाठी कुणी कितीही आग्रह केला तरी. आणि नवं काहीही घेतलं, फुकट मिळालं तरी, कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर रोज दोनदा, आठवडाभर लावून बघा. एका रात्रीत काही कळत नाही. मी एक दिवस लावून बघितलं होतं, काही झालं नव्हतं, म्हणून तर पापण्यांना लावलं.

गेल्या वर्षी नणंदेच्या मुलीनं बाळासाठी आणलेली एक बाटली मला दाखवली. ‘बेबी’, ‘जेंटल’, मागे यादीत सातव्या ठिकाणी कॅमोमाइल, शेवटाकडे पर्फ्यूम. मी म्हटलं, परत कर. ती म्हणाली, “मामी, पण हे नॅचरल आहे.” मी तिला खिडकीतून बांध दाखवला.

दर वर्षी १६ ते २२ ऑगस्ट गाजर गवत जागृती सप्ताह असतो. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाचा तो कार्यक्रम. कृषी महाविद्यालयांची मुलं येतात, गवत उपटतानाचे फोटो निघतात. मेक्सिकोचे भुंगे सोडतात, तेही चांगलंच आहे. १९८३ साली ते बंगळुरूला आणले होते आणि पावसाळ्यात ते पानं खाताना मीही पाहिलेत. पण पीक किती बुडतं यावर जेवढं बोललं जातं त्याच्या दहावा हिस्साही बाईच्या मानेवर बोललं जात नाही. फोटोत गवत उपटणाऱ्यांच्या हातात मोजे नसतात. फुलं आलेलं गवत उघड्या हातांनी उपटायला लावणं म्हणजे अ‍ॅलर्जी वाटण्याचा कार्यक्रम. उपटायचं तर फुलावर येण्याआधी, पाऊस पडून जमीन मऊ असताना, मोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालून, तोंडाला फडकं बांधून, आणि आधीच त्रास असलेल्या माणसानं अजिबात नाही.

आईला सक्त मनाई आहे. काल फोन केला तर उचलायला वेळ लागला. कुठे होतीस म्हटलं. म्हणाली, “हितंच व्हते, बांधाला. चार रोपं तर व्हती, मोजं घातल्यालं गं.”